कपाटातल्या दोन फिल्म
माझा सात वर्षांचा मुलगा झोक्यावरून पडला. डोक्याला टेंगूळ आलं, एकदा उलटी झाली. इथे डेन्मार्कमध्ये डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, चालायला लावलं आणि सीटी स्कॅन न काढता रात्रभर नजरेखाली ठेवलं. नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन त्याला उठवायची, नाव विचारायची, बोटं घट्ट धरायला सांगायची. सकाळी घरी सोडलं.

दादा फोनवर भडकलाच. "अगं, सीटी का नाही काढला? इथे लगेच काढून हातात देतात." पुढच्याच महिन्यात त्यानेच घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की सीटीने मुलांना हमखास कॅन्सर होतो. दोन्ही वेळा त्याला पोटतिडीक होती. दोन्ही वेळा मला एकच विचारायचं होतं: किती मुलांमागे किती?

याचं उत्तर आहे. डेन्मार्क धरून युरोपातल्या नऊ देशांनी, वयाच्या बाविशीच्या आत सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांचा माग काढला. २०२३ साली निष्कर्ष आले. सीटी क्ष-किरणांनी काढतात. त्यांच्या आजच्या सरासरी डोसने १०,००० मुलांचा सीटी काढला, तर पुढच्या ५ ते १२ वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होणारी मुलं १ ते २. मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका असेल तर या आकड्यापायी कुणीही सीटी टाळू नये. नुसती खात्री करून घ्यायला मात्र तो काढू नये.

आता, "इतकी वर्षं सीटी काढतोय, कुणाला काही झालं नाही" असं सांगणारा आपल्याकडचा डॉक्टर खोटं बोलत नसतो. ते एखादं मूल त्याला दिसणारच नाही. ते दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या रुग्णालयात दाखल होईल. उलट फसगतही होते. डोकं सारखं दुखतं म्हणून सीटी काढतात, तेव्हा गाठ आधीच वाढत असू शकते. नुसती बेरीज केली तर दोष सीटीवर येईल. म्हणून असे अभ्यास करणारे सीटीनंतरची पहिली काही वर्षं हिशेबातून वगळतात. आपल्या वादात हे कुणी बोलतच नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

इथे डेन्मार्कमध्ये असा माग काढणं जमतं, कारण १९६८ पासून प्रत्येकाला दहा आकडी क्रमांक आहे आणि कॅन्सरची देशभरची नोंद १९४३ पासूनची आहे. नवीन आले तेव्हा प्रत्येक तपासणी त्या क्रमांकाला चिकटते हे मला खटकायचं. त्यामुळे भारतात कॅन्सरची नोंद सक्तीची करावी का, या वादात विरोध करणाऱ्यांची भीती मला कळते. माहिती फुटली तर नोकरी जाते, लग्न मोडतं. संसदेच्या समितीने २०२२ मध्ये सक्तीची शिफारस केली. माझं मत सक्तीच्या बाजूने आहे, पण माहिती फोडणाऱ्याला जबर शिक्षा हवी.

"आपल्याकडे कुठलं जमायला?" असं दादा म्हणतो. पण बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालू आहे. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांची तुलना झाली. आठ वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगाने त्याची दखल घेतली. सीटीचे आकडे युरोपातल्या माणसांचे. हे आकडे आपल्या खेड्यांतल्या बायकांचे आहेत.

दादाच्या मुलीचे आजवर दोन सीटी झालेत, दोन वेगळ्या सेंटरमध्ये. फिल्म कपाटात आहेत. पण कधी काढले, किती डोस दिला, हे एकत्र कुठेच लिहिलेलं नाही. मी त्याला निदान दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवायला सांगितलंय. एक सापडली, दुसरी तो शोधतोय.