‘हायवेवर पायी आला, म्हणून मेला’ : हे खरं नाही

सध्या आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं : हायवे गाड्यांसाठी असतो, लोक कुठूनही घुसतात म्हणून मरतात, पांढऱ्या पट्ट्यांचा उपयोग शून्य, पादचारी पूल बांधा आणि खाली दिसेल त्याला दंड करा.

हायवे गाड्यांसाठी? जळगावचा आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली, सगळं महामार्गावरच आहे. शहर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलं आणि समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. धुळ्यात आग्रा रोड म्हणजे बाजारपेठच. चैत्रात सप्तशृंगी गडाला निघालेले खान्देशातले पायी जथे मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेनंच चालतात. त्यांनी कुठून जायचं?

‘कुठूनही घुसतात’ हे अर्धं खरं. फोन कानाला लावून दुभाजकावरून उडी मारणारे बहाद्दर आहेतच. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची २०२२ ची आकडेवारी बघा. देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर.

आता जरा हिशेब करू. चार पदरांचा रस्ता साधारण १४ मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे पार व्हायला १२ सेकंद. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी २०० मीटर कापते. दुभाजकात उभं राहायला जागा नसेल, तर दोन्ही बाजूंनी तेवढी मोकळीक एकाच वेळी मिळायला हवी. संध्याकाळी सहाला अजिंठा चौफुलीजवळ ती शोधून दाखव भो! आणि हे झालं धडधाकट माणसाचं.

पट्ट्यांबद्दल मजकूर लिहिणाऱ्याला नियमच माहीत नसावा. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार सिग्नल नसलेल्या पट्ट्यांपाशी चालकानं वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं. ‘थांबलो तर मागचा ठोकतो’ म्हणाल, तर अंतर ठेवणं हे मागच्याचं काम. मात्र एक खरं, नुसता रंग पुरत नाही. अलीकडच्या पदरातला ट्रक थांबतो, त्याच्या आडून आजी पुढे येते आणि पलीकडच्या पदरातल्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. म्हणून थांबण्याची रेघ पट्ट्यांपासून बरीच मागे हवी, पट्टे उंचवट्यावर हवेत, दुभाजकात उभं राहायला जागा हवी आणि वर दिवा हवा. यातलं काही न करता रंगाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पुलाचं म्हणाल, तर गाड्यांसाठी खाली साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. १५ सेंटीमीटरची पायरी धरा : चाळीसेक पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसला, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. माणूस खालूनच जाणार, आणि मग त्यालाच बेशिस्त म्हणायचं.

राहिला दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या दंडाबद्दल मजकुरात एक ओळ नाही.