‘शिकवलं की पोरं पळतात’ म्हणणाऱ्यांसाठी

होमस्टे-हॉटेलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. टुरिझममध्ये स्टाफला ट्रेनिंग म्हणजे पैसे पाण्यात, पोरं शिकली की गोव्याला जातात, सीझनमध्ये वेळ कुणाला, माहिती तर गूगलवर आहेच, आणि एक अनुभवी माणूस ठेवला की झालं. मालवण-तारकर्लीपुरतं बोलतो, मला यातलं काहीच पटत नाही.

पोरं जातात, खरंय. पण न शिकवलेली पण जातातच की! आणि जाताना सगळं डोक्यात घेऊन जातात, कुठला होडीवाला शब्दाला पक्का, कुठल्या फॅमिलीतल्या आजींना खालचीच रूम लागते, कुणाला कोळंबीची ॲलर्जी आहे म्हणून त्यांची सुरमई वेगळ्या तेलात तळायची. नवीन पोरगा परत शून्यावर, आणि त्रास गेस्टला. माणसं टिकत नाहीत म्हणूनच तर हे लिहून ठेवायला पाहिजे ना! साधी वही चालेल, किचनमधल्या काकूंना लिहायचा कंटाळा असेल तर मालवणीत व्हॉइस नोट घ्या, पण घ्या.

वेळ नाही म्हणता, मग पावसात वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात तेव्हा काय करता? तारकर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा ट्रेनिंग सेंटर आहे, चौकशी तरी करा. सीझनमध्ये रोज सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं बोललात तरी पुरे, रिट्झ-कार्लटन या मोठ्या हॉटेल कंपनीत प्रत्येक शिफ्टआधी अशी छोटी मीटिंग होते आणि त्यांना अमेरिकेचा बाल्ड्रिज क्वालिटी अवॉर्ड दोनदा मिळालाय, 1992 आणि 1999 ला.

गूगलचं म्हणाल तर देवबागच्या त्सुनामी आयलंडची वाळू ओहोटीला उघडी पडते, आणि ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे तीन दिवसांपूर्वीची वेळ सांगून गेस्टला नेलंत तर अडीच तासांचा घोळ. जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या आसपास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजच आहे, पण रिसेप्शनवरच्या पोराला एवढं येत असेल तर तो गेस्टशी किती विश्वासाने बोलेल बघा. हे त्याला कुणीतरी शेजारी बसवूनच शिकवावं लागतं.

राहिला तो एक अनुभवी माणूस. तो चवथीला घरी गेला की जनरेटर कसा चालू करायचा, गॅसवाल्याचा नंबर कुठे, हे विचारायला आरती चालू असताना त्यालाच फोन लावता ना?