सकाळचे 9 अशरने लिहिलेच नाहीत

“जेम्स अशर नावाच्या आयरिश बिशपने बायबलमधल्या माणसांच्या वयांची बेरीज केली आणि जग इ.स.पू. 4004 मध्ये 23 ऑक्टोबरला सकाळी 9 वाजता निर्माण झालं, असं जाहीर केलं. चर्चने ते सगळ्यांवर लादलं आणि विज्ञान अडवून धरलं.” हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. अशरचं उत्तर साफ चुकलं, यात वाद नाही. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं आहे, म्हणजे त्याच्या आकड्याच्या साडेसात लाख पट. पण त्याने काय केलं आणि तो कुठे चुकला, याबद्दल हा मजकूर जे सांगतो ते बहुतेक खोटं आहे.

“सकाळी 9 वाजता”

अशरचा लॅटिन ग्रंथ 1650 मध्ये छापला गेला. त्यात काळाचा आरंभ 23 ऑक्टोबरच्या आदल्या रात्रीच्या सुरुवातीला धरला आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने 22 तारखेची संध्याकाळ. आपला वार सूर्योदयाला बदलतो. बायबलमधला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हे माहीत असलेला माणूस सृष्टीचा पहिला दिवस सकाळी 9 ला सुरू करणारच नाही.

9 वाजले ते जॉन लाइटफूट या दुसऱ्याच इंग्रज विद्वानाच्या पुस्तकात, 1642 मध्ये, आणि तेही जगासाठी नव्हेत. माणूस दिवसाच्या तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी 9 च्या सुमारास घडवला गेला, असं त्याचं म्हणणं होतं. एकाची तारीख आणि दुसऱ्याची वेळ यांची सांगड पुढे 19व्या शतकात घातली गेली.

“नुसती वयांची बेरीज”

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. बेरीज करायला आकडे सलग हवेत, आणि बायबलमध्ये ते सलग नाहीत.

आदामापासून जलप्रलयापर्यंत बायबलच्या हिब्रू पाठात (मूळ भाषेतल्या प्रतींत) 1656 वर्षं भरतात. ग्रीक भाषांतराच्या पाठात मुलगा झाला तेव्हाची बापांची वयं बऱ्याच ठिकाणी शंभरने जास्त आहेत, त्यामुळे तिथे 2200 च्या वर जातात. समरीयांच्या, म्हणजे यहुद्यांशी जवळच्या एका जुन्या पंथाच्या, पाठात फक्त 1307. म्हणजे पहिली वजाबाकी करण्याआधीच कुठला पाठ खरा मानायचा, हा पाठचिकित्सेचा, म्हणजे जुन्या प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याचा, प्रश्न उभा राहतो. अशरने हिब्रू पाठ निवडला. समरीय पाठाच्या प्रती त्याने पूर्वेकडून मुद्दाम मागवून घेतल्या होत्या, तेव्हा ही निवड त्याने आंधळेपणाने केली असं म्हणता येत नाही.

पुढची अडचण तेरह आणि अब्राहाम या बापलेकांची. तेरह 70 वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम (म्हणजेच अब्राहाम), नाहोर आणि हारान झाले, असं उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आहे. वरवर वाचणारा 70 धरतो. पण तेरह 205व्या वर्षी वारला, आणि त्यानंतर अब्राहामाने हारान शहर सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा होता. 205 वजा 75 म्हणजे 130. म्हणून अशरने अब्राहामाचा जन्म तेरहच्या 130व्या वर्षी धरला, आणि त्या एका वाचनाने जग 60 वर्षांनी जुनं झालं. हिशोब असा जुळतो: प्रलय इ.स.पू. 2348, त्यानंतर 222 वर्षांनी तेरह, 130 वर्षांनी अब्राहाम (1996), 75व्या वर्षी प्रयाण (1921), 430 वर्षांनी इस्राएलींची इजिप्तमधून सुटका (1491), आणि त्यानंतरच्या 480व्या वर्षी यरुशलेमच्या मंदिराची पायाभरणी (1012). शेवटच्या टप्प्यावर 479 वजा करायचे, 480 नाही. “480वं वर्ष” म्हणजे 479 पूर्ण.

इथून वंशावळ संपते आणि राजांच्या कारकिर्दी सुरू होतात. यहूदा आणि इस्राएल या दोन राज्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाप-मुलगा काही वर्षं एकत्र राज्य करत होते, कधी गादी रिकामी होती, असं धरून त्या जुळवाव्या लागतात. त्यानंतर तर बायबलमध्ये सलग कालगणना उरतच नाही, आणि मुख्य म्हणजे ही सगळी साखळी इसवी सनाला कुठे बांधायची ते बायबल सांगत नाही. अशरने ती बायबलबाहेर बांधली. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्यानंतर गादीवर आलेल्या राजाने यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीनला त्याच्या कैदेच्या 37व्या वर्षी सोडलं, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. आणि नबुखद्नेस्सरचा मृत्यू टॉलेमी या प्राचीन खगोलज्ञाच्या बाबिलोनी राजांच्या यादीवरून इ.स.पू. 562 ठरतो. ही गाठ आजही बरोबर मानली जाते.

तारखेसाठी त्याने खगोलकोष्टकं वापरली. यहुद्यांचं वर्ष शरदात सुरू होतं, आणि सृष्टीचा सातवा, विश्रांतीचा दिवस शनिवार, तर पहिला रविवार. म्हणून शरद संपाताच्या, म्हणजे शरदात दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाच्या, सर्वात जवळचा रविवार. ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या पंचांगात तो 23 ऑक्टोबरला येतो. आजच्या पंचांगात तो 21 सप्टेंबर होईल. वर्ष त्याने ज्युलियन कालावधी या विद्वानांच्या सलग वर्षगणनेतलं 710 दिलं आहे. त्या कालावधीचं पहिलं वर्ष इ.स.पू. 4713, तेव्हा 4713 वजा 709 म्हणजे 4004. पडताळा कुणालाही करता येईल.

4000 हा गोल आकडा त्याला आधीपासून खुणावत होता, हा आक्षेप मात्र रास्त आहे. सृष्टीपासून ख्रिस्तापर्यंत चार हजार वर्षं ही समजूत जुनीच होती. वरची 4 हेरोदाच्या मृत्यूमुळे आली: ज्याच्या राज्यात येशू जन्मला असं बायबल सांगतं तो राजा हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला, म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा हवा.

“चर्चने लादलं”

1615 च्या आयरिश धर्मकलमांच्या, म्हणजे चर्चची अधिकृत श्रद्धा मांडणाऱ्या कलमांच्या, घडणीत अशरचा मोठा हात होता. त्यात सृष्टी सहा दिवसांत झाली असं आहे, वर्ष नाही. इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांतही नाही. अशरचा मृत्यू 1656 चा. त्यानंतर 45 वर्षांनी, 1701 मध्ये, बिशप विल्यम लॉइड यांच्या देखरेखीखालच्या इंग्रजी बायबलच्या समासात ही वर्षं छापली गेली आणि पुढच्या आवृत्त्यांत टिकली. मूळ मजकुराशेजारी छापलेला आकडा लोकांनी मूळ मजकुरासारखाच मानला.

“विज्ञानाचा शत्रू, अडाणी धर्मगुरू”

तो लिहीत होता तेव्हा भूविज्ञान नव्हतं. खडकांच्या थरांवरचा निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाचा पायाभूत ग्रंथ 1669 चा. सृष्टीचं वर्ष काढणारा अशर एकटाही नव्हता. बीड नावाच्या मध्ययुगीन इंग्रज मठवासीने इ.स.पू. 3952 काढलं, खगोलज्ञ केप्लरने 3992. न्यूटनही 4000 च्या आसपासच होता.

त्याची खरी ताकद बघायची तर इग्नेशियसची पत्रं बघावीत. या प्राचीन बिशपच्या नावावर खऱ्या-खोट्या पत्रांची भेसळ फिरत होती. अशरच्या लक्षात आलं की काही मध्ययुगीन इंग्रज लेखकांनी दिलेले उतारे प्रचलित पाठाशी जुळत नाहीत, पण प्राचीन ग्रीक लेखकांच्या उताऱ्यांशी जुळतात. म्हणजे शुद्ध पाठाची प्रत इंग्लंडमध्येच कुठेतरी असणार! त्याने शोध घेतला, दोन लॅटिन हस्तलिखितं मिळवली आणि 1644 मध्ये पाठ छापला. दोन वर्षांनी फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितातून ग्रीक पाठ प्रसिद्ध झाला आणि त्याचा तर्क खरा ठरला. आज सात पत्रं अस्सल मानतात. त्याने सहा मानली होती.

या माणसाला दोष द्यायचाच तर तो 1626 चा द्यावा. त्या वर्षी आर्मघचा आर्चबिशप, म्हणजे आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा प्रमुख, म्हणून त्याने आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट बिशपांना एकत्र केलं, आणि कॅथलिकांना धर्माचरणाची मोकळीक देणं हे घोर पाप आहे, असं सगळ्यांच्या सहीनिशी जाहीर केलं. ज्या देशात बहुसंख्य लोक कॅथलिक होते, त्या देशात.