ठराव मंजूर, लेखाशीर्ष नाही

नगरपरिषदेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, 17 वर्षं झाली. गावचा बराचसा कारभार आधी माझ्या मशीनखालून जातो आणि मग साहेबांच्या टेबलावर. टेंडरचे कागद, जन्माचे दाखले, माहिती अधिकाराचे अर्ज आणि त्यांना आलेली ‘सदर माहिती उपलब्ध नाही’ ही उत्तरंसुद्धा. मी ते वाचत नाही असं म्हणणार नाही. मशीन गरम होईपर्यंत माणसानं करायचं काय?

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या प्रती माझ्याकडे आल्या. चार वर्षं प्रशासक होता, म्हणजे साहेबच मांडणार आणि साहेबच मंजूर करणार. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान एकदाचं झालं, त्यात आमचंही गाव होतं. त्यामुळे सभागृहात निम्म्याहून जास्त चेहरे नवे. त्यातले एक, वयानं माझ्या मुलाएवढे, आपली प्रत न्यायला आले. काउंटरवरच पानं चाळली आणि विचारलं, “काका, यात आपल्या वॉर्डाचं पान कुठलंय?”

तसं पान नसतंच. मला हसू आलं नाही, कारण गेली 17 वर्षं मीही तेच शोधतोय. अंदाजपत्रक वॉर्डावर चालत नाही, लेखाशीर्षावर, म्हणजे जमाखर्चाच्या ठरलेल्या खात्यांवर चालतं. जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, बाजार फी, शासनाची अनुदानं. खर्चाच्या बाजूला पगार, पेन्शन, दिवाबत्तीचं आणि पाण्याच्या पंपांचं वीजबिल, कचऱ्याचा ठेका, मग रस्ते-गटारं. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून पगार सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसलेला. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला मोठा हिस्सा ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. आपल्या मर्जीनं खर्च करता येईल असा पैसा शेवटी मूठभर उरतो.

आणि अंदाजपत्रक तरीही दरवर्षी शिल्लकी! ही जादू कशी होते ते सांगतो. घरपट्टीची चालू मागणी अधिक मागची सगळी थकबाकी, पूर्णच्या पूर्ण, जमेला धरायची. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो, तोही धरायचा. ही वसुली होणार नाही हे मांडणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. पण खर्चाची बाजू त्या आकड्याच्या भरवशावर फुगवता येते, प्रत्येकाचं काम ‘धरलं आहे’ असं सांगता येतं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसा संपला की कात्री लागते. पगार तोडता येत नाही, वीजबिल थकवलं तर अंधार. कात्री लागते ती बारक्यासारक्या शीर्षांना, ज्यांच्यासाठी कुणी भांडायला येत नाही.

अर्थसंकल्पाची सभा ऐकायला मी मुद्दाम दुकानावर मुलाला बसवून गेलो. नगरपरिषदेच्या सभेला नागरिकांना बसता येतं, हे पुष्कळांना माहीतच नाही. गॅलरीत आम्ही तिघं. लेखापालांनी एका दमात आकडे वाचले. दोघांनी प्रश्न विचारले, त्यातला एक स्वतःच्या गल्लीतल्या दिव्याचा. मग बाकं वाजली, “मंजूर, मंजूर”. 20 मिनिटं. मार्चमधल्या सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयात एका चौकाच्या नामकरणाचा विषय आला. पावणेदोन तास! सूचक कोण, अनुमोदक कोण, नाव आधी की उपाधी आधी, कमानीवर फोटो असावा की नसावा. गॅलरीत बसायला जागा उरली नाही. बाहेर घोषणा. एकानं तर “308 खाली कलेक्टरकडे जातो”, म्हणजे ठरावाला त्या कलमाखाली स्थगिती आणतो, म्हणून तिथल्या तिथे दम भरला.

इथं माझ्यासारख्यानं लिहायची ठरलेली ओळ आहे: नावांवरून भांडत बसतात, विकासाचं कुणाला पडलेलं नाही. ती मी लिहिणार नाही, कारण मला ती पटत नाही.

जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागताला 1000 रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं नेमलेल्या सभासदानं सरकारच्याच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या मानपानाला नाही म्हणायचं, तेही सभागृहात सगळे एका बाजूला असताना! शहरात मंडईची इमारत बांधायचं निघालं, त्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, कारण तेच. मंडई झालीच, 1886 मध्ये, गव्हर्नर रे यांच्या नावानं. पुढे 1925 मध्ये केशवराव जेध्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेत आणला, तर केवढं रण माजलं. आणि त्यानंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले, त्यांनी त्याच रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई करून घेतलं. ज्या इमारतीच्या खर्चाला माणसानं विरोध केला, तिच्यावरच त्याचं नाव लागलं. जोतीराव यावर काय म्हणाले असते कोण जाणे. पण 1925 साली पुतळ्याला विरोध करणाऱ्यांनाही कळत होतं की प्रश्न दगडाचा नाही, कुणाला मोठं मानायचं याचा आहे. नाव ही किरकोळ गोष्ट असती तर एवढा विरोध कशाला झाला असता?

नगरपालिकेच्या ठरावांचा विषय निघाला की मला महाड आठवतंच. कायदेमंडळाचे सभासद सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनं जानेवारी 1924 मध्ये आपलाही ठराव केला, चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. ठराव कागदावर, तळं होतं तिथं. तीन वर्षं कुणा अस्पृश्याची तिथं पाणी घ्यायची सोय नव्हती, कारण पाणी घेणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायची जबाबदारी ठरावानं कुणावर टाकलीच नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, ते नगरपालिकेचा ठराव अमलात आणायला गेले असं मी म्हणतो. आणि त्याच नगरपालिकेनं 4 ऑगस्ट 1927 ला तो ठराव रद्द केला. अंमल करायला तीन वर्षं पुरली नाहीत, रद्द करायला एक सभा पुरली. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करणारा हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

आता आमच्या गावाकडे येतो. इतक्या मोठ्या गोष्टीशेजारी आमची छोटी गोष्ट ठेवताना संकोच वाटतो, पण जात तीच आहे.

वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला. त्यानुसार आमच्याकडच्या एका वस्तीचं नाव बदलायचा ठराव झाला. समतानगर. पेढे वाटले, फलकाला हार घातला, फोटो पेपरात आला. त्या ठरावाच्या प्रती मीच काढल्या, म्हणून शेवटची ओळ माझ्या ध्यानात राहिली. म्हणजे जी ओळ नव्हती ती. कुठल्याही गटाराच्या, रस्त्याच्या ठरावाखाली एक वाक्य हमखास असतं: ‘होणारा खर्च अमुक लेखाशीर्षातून भागविण्यात यावा.’ या ठरावाखाली ते नव्हतं. नाव बदलायला कसला आलाय खर्च?

खर्च येतो हो. मालमत्तेच्या नोंदी बदलायच्या, बिलं छापणाऱ्या संगणकात दुरुस्ती करायची, दाखल्यांवरचे पत्ते, पाणी खात्याची यादी. एका कारकुनाला महिनाभर बसवावं लागेल, सॉफ्टवेअरवाल्याला पैसे द्यावे लागतील. ते कुणी धरलं नाही. फलक मात्र एका नगरसेवकाच्या ‘सौजन्यानं’ लागला, म्हणजे फलकालाही नगरपरिषदेचा पैसा लागला नाही. त्यावर वस्तीच्या नावापेक्षा सौजन्याचं नाव ठळक आहे. घरपट्टीच्या बिलावर आजही जुनंच नाव येतं. विचारलं तर उत्तर, “सिस्टीमला तेच आहे.”

उपविधींचंही, म्हणजे नगरपरिषदेनं स्वतः केलेल्या नियमांचंही, असंच. कचरा वेगळा न देणाऱ्याला दंड, असा उपविधी आपल्याकडेही झाला. हरकती-सूचना मागवल्या, वर मंजुरीला गेला, सगळं रीतसर. पण दंड करायला माणूस कोण? स्वच्छता निरीक्षकाकडे आधीच चार कामं. शिवाय ठेकेदाराचं बिल वजनावर, त्यामुळे ओला-सुका वेगळा होऊन वजन घटणं त्याला परवडत नाही. मी दोन बादल्या ठेवतो, गाडीवाला त्या एकाच कप्प्यात रिकाम्या करतो. एवढं पुरे त्यावर.

त्याच वस्तीत एक आक्का राहतात. नगरपरिषदेत सफाई कामगार म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची रक्कम अजून पूर्ण मिळालेली नाही, कारण निधी नाही. गेल्या 26 जानेवारीला त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सत्काराला निधी होता. मला सत्काराचं वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. ज्यांच्या हातांनी गाव झाडलं त्यांना गावानं स्टेजवर बोलावणं हेही पहिल्यांदाच घडत होतं, आणि आक्का त्या दिवशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. पण त्यांच्या उपदानाचा अर्ज माझ्याच मशीनवर आजवर पाच वेळा निघालाय.

मी एक अर्ज दिलाय. फार मोठी मागणी नाही. नामकरण असो, सत्कार असो, उपविधी असो, प्रत्येक ठरावाखाली ते एक वाक्य लिहा: खर्च किती, कुठल्या शीर्षातून, आणि अंमल कुणी करायचा. वाक्य लिहिता येत नसेल तर विषय पुढच्या सभेत घ्या, घाई नाही. आवकवाल्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, “हा कुठल्या विभागाला टाकू?” मी म्हटलं, सगळ्याच. तसं होत नाही म्हणाले. सध्या तो सामान्य प्रशासनात आहे.

परवा 31 मार्चच्या गर्दीत आक्का घरपट्टीचं बिल घेऊन आल्या. नातवाला शाळेत पत्त्याचा पुरावा द्यायचा होता. बिल माझ्यासमोर ठेवलं, वस्तीच्या नावावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, “एवढं झाकून काढता येईल का रे?”

कोऱ्या कागदाची पट्टी कापली, त्या नावावर ठेवली, प्रत काढून दिली. पैसे घेतले नाहीत. ओरिजिनल घेऊन आक्का समोर भरणा करायला गेल्या, तिथं तेच लागतं.