लाल तो नर, हिरवी ती मादी? लोरीच्या बाबतीत हे साफ चूक आहे

लोरी पोपटांबद्दलचा एक मजकूर गेले काही दिवस ग्रुपवर फिरतोय. लाल लोरी नर आणि हिरवी मादी; जात सगळ्यांची एकच, रंग वयाप्रमाणे बदलतो; लाल लोरी मूळची बोर्निओची; मादी एका वेळी चार-पाच अंडी घालते; खायला इतर पोपटांसारख्याच बिया चालतात. इतकंच आहे त्यात. मी आधी दुर्लक्ष केलं होतं. पण माझ्या भाच्याने त्यावर भरवसा ठेवून स्वतःची लाल लोरी आणि कुणाकडून तरी आणलेला रेनबो लोरीकीट, म्हणजे लोरीच्याच कुळातला छोटा पोपट, एकाच पिंजऱ्यात सोडले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, हिरव्याच्या पायातून रक्त येतंय." जाऊन पाहिलं, तर लोरीकीटचं एक बोट नखासकट तुटलेलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

लाल लोरीचा नर लाल असतो आणि मादीही लालच असते. रेनबो लोरीकीटचं निळं डोकं, नारिंगी छाती, हिरवे पंख, सगळं नर-मादीत सारखंच. भाच्याच्या पिंजऱ्यात जोडी नव्हतीच, दोन वेगळ्या जातींचे पक्षी कोंडलेले होते. लोरी दिसायला खेळकर असली तरी आपल्या जागेवरून भयंकर भांडते, आणि पिंजऱ्यात दुसऱ्याला पळायला वाट नसते. बोटावर निभावलं हे नशीब.

हा घोळ कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. इक्लेक्टस नावाचा पोपट न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर राहतो. तो लोरी नाही. त्याचा नर हिरवागार आणि मादी लाल-निळी असते. फरक इतका ठळक, की या पोपटाला १७७६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, तरी ही दोन पाखरं एकाच जातीची नर-मादी आहेत हे पक्कं व्हायला १८७० चं दशक उजाडलं. जर्मन अभ्यासक मायर यांनी ते दाखवून दिलं. म्हणजे जिथे हिरव्या-लालवरून नर-मादी खरोखर ओळखता येते, तिथेसुद्धा या मजकुरातला नियम बरोबर उलटा पडतो!

एक गोष्ट मान्य करावी लागेल. काही छोट्या लोरीकीटमध्ये रंगावरून नर-मादी कळते. लाल रंगाच्या स्टेला लोरीकीटमध्ये मादीच्या कमरेवर पिवळा रंग असतो, नराच्या नसतो. पण हे अपवाद आहेत. बाकी बहुतेक लोरींसाठी डीएनए चाचणीच करावी लागते. मुळासकट काढलेली दोन-चार पिसं पुरतात. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रं दोन वेगळ्या प्रकारची असतात आणि नराची एकाच प्रकारची, त्यावरून उत्तर मिळतं.

"जात एकच" हे वाक्य लिहिणाऱ्याने चार लोरी तरी शेजारी ठेवून पाहिल्या असतील का? लोरी आणि लोरीकीट मिळून पन्नासहून जास्त जाती आहेत. लाल अंग, हिरवे पंख आणि पाठीवर पिवळा ठिपका दिसला, तर ती इंडोनेशियातल्या हाल्माहेरा बेटाच्या भागातली चॅटरिंग लोरी. तशाच अंगावर डोक्याला काळी टोपी आणि छाती-पोटाकडे निळा रंग असेल, तर न्यू गिनीची ब्लॅक-कॅप्ड. टोपी काळी, मानेकडे जांभळी होत गेलेली आणि छातीवर पिवळा पट्टा, तर तिथल्याच सेराम बेटाची पर्पल-नेप्ड. अंग लाल पण डोळ्यामागून निळी पट्टी आणि मानेवर निळ्या रेघा, तर तनिंबार बेटांवरची ब्लू-स्ट्रीक्ड. पिल्लांचे रंग मळकट आणि चोच गडद असते, वयाबरोबर ती उजळते, एवढंच वयाबद्दलचं खरं. हिरवी लोरी मोठी होऊन लाल होत नाही.

आणि वेगवेगळ्या जातींचं चुकून जमलंच, तर संकर होतो. लोरींमध्ये ते सहज घडतं. ती पिल्लं ना धड या जातीची, ना त्या. पर्पल-नेप्ड, किंवा तलौद बेटांवरची रेड-अँड-ब्लू, या जाती रानातच संकटात आहेत. पिंजऱ्यातला त्यांचा वंशही असा भेसळला, तर पुढे शुद्ध जोडी आणायची कुठून?

बोर्निओचं सांगतो. लाल लोरीचं शास्त्रीय नाव इऑस बोर्निया. त्यातला 'बोर्निया' हा भाग शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये दिलेल्या नावातला. नाव फसवं आहे. ती इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची, आंबोन, सेराम, बुरू या भागातली. बोर्निओत ती नाही.

अंड्यांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. लाल लोरी, चॅटरिंग, रेनबो, या सगळ्या साधारण दोनच अंडी घालतात. उबवायला साडेतीन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि पिल्लू दोन महिने किंवा त्याहून जास्त घरट्याच्या पेटीतच असतं. पेटीत चार अंडी दिसली तर पेढे वाटू नका. बहुधा दोन्ही माद्या आहेत आणि दोघींनी दोन-दोन घातली आहेत. आठवड्याभराने अंडं अंधारात टॉर्चसमोर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते फळलंय. नुसतंच पिवळट, स्वच्छ दिसलं तर फळलेलं नाही.

बिया चालतात म्हणणाऱ्याने लोरीची जीभ एकदा पाहावी. टोकाला ब्रशच्या केसांसारखे बारीक उंचवटे असतात, फुलांतला मध आणि पराग टिपायला. तिचा आहारच तो, आणि जोडीला मऊ फळं. बिया दळायला लागतो तसा दणकट पेषणीकोष, म्हणजे पोटातली दळणारी पिशवी, तिच्याकडे नाही. भाच्याच्या पिंजऱ्यात सूर्यफुलाच्या बियांची वाटी तशीच भरलेली होती. पेअरची फोड धरली, तर जखमी लोरीकीट एका पायावर सरकत आला आणि चाटायला लागला.