दोन आयपी दिले म्हणजे रिडंडन्सी झाली? आधी केबल उपटून बघा

काल रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. "ताई, सर्व्हरला दोन केबल लावल्यात, त्यातली एक निघाली तर सगळंच बंद पडलं, असं कसं?" मी विचारलं, कुणी सांगितलं असं लावायला? तर त्याने तोच फॉरवर्ड पाठवला जो मला याआधीही दोघांनी पाठवलाय आणि मी दोन्ही वेळा जाऊ दे म्हणून सोडून दिला होता. आता घरातलाच माणूस अडकल्यावर सोडवेना.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड लावा, दोन्हींना एकाच सबनेटमधला (एकाच स्थानिक नेटवर्कच्या पत्त्यांमधला) एकेक आयपी द्या, दोन्हींना गेटवे (बाहेर जायचा राउटर) द्या, एक गेलं की दुसरं आपोआप सांभाळून घेतं, म्हणजे झाली रिडंडन्सी. बाँडिंग (दोन कार्डं मिळून एकच असल्यासारखी चालवणं) करायचंच असेल तर मोड ० (पॅकेटं आळीपाळीने दोन्हींतून) घ्या, स्पीड डबल. मॉनिटरिंगचे (लिंक जिवंत आहे का बघायचे) पॅरामीटर लिहायची गरज नाही, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळतं. स्विचला हात लावायची गरज नाही. सगळं रिमोटली, पाच मिनिटांत. आणि शेवटी ठळक अक्षरात "टेस्टेड".

या "टेस्टेड"कडे मी येतेच.

पहिला मुद्दा, माझा बहुतेक राग याच्यावरच आहे. एकाच सबनेटचे दोन आयपी दोन कार्डांवर टाकले की राउटिंग टेबलमध्ये (कुठलं पॅकेट कुठल्या कार्डातून पाठवायचं त्या यादीत) त्या सबनेटच्या दोन ओळी, म्हणजे दोन राउट, येतात, एक पहिल्या कार्डाची, एक दुसऱ्याची. मेट्रिक (राउटचा प्राधान्यक्रम) सारखा असेल तर कर्नल वरची ओळ उचलतो, संपलं. म्हणजे पॅकेट कुठल्याही कार्डावरून आत येऊ दे, उत्तर जातं पहिल्याच कार्डातून. दुसरं कार्ड नुसतं ऐकायला बसलेलं. आता पहिली केबल उपटा. कार्डावरची लाइट जाते, आयपी लिंक कमांडमध्ये "नो-कॅरिअर" (सिग्नल नाही) दिसतं, आणि राउट? राउट तिथेच! शेवटी फक्त "लिंकडाउन" असा शब्द चिकटतो. तो राउट वापरायचा नाही असं कर्नलला वेगळं सांगावं लागतं, त्यासाठी इग्नोर-राउट्स-विथ-लिंकडाउन नावाची सेटिंग आहे आणि ती डिफॉल्टला ० असते, म्हणजे बंद. त्यामुळे होतं असं की तुम्ही दुसऱ्या आयपीला पिंग करता, पिंग जिवंत कार्डावरून व्यवस्थित आत येतो, आणि त्याचं उत्तर कर्नल मेलेल्या कार्डात नेऊन घालतो. केबल एक निघाली, आयपी दोन्ही गेले. भावाकडे नेमकं हेच झालं होतं, आणि तो बिचारा दुसरं कार्डच खराब समजून बदलायला निघाला होता.

मग ज्याने "टेस्टेड" लिहिलं तो खोटं बोलतोय का? मला वाटत नाही. त्याने केबल उपटलीच नाही, कार्ड कमांडने डाउन केलं. आणि तिथेच गंमत आहे. कमांडने कार्ड डाउन केलं की कर्नल त्या कार्डाचे सबनेटचे राउट खरोखर काढून टाकतो, मग दुसरी ओळ आपोआप कामाला लागते. एवढंच नाही, लिनक्समध्ये आयपी हा कार्डाचा नसतो, मशीनचा असतो, त्यामुळे डाउन केलेल्या कार्डाच्या आयपीसाठीसुद्धा दुसरं कार्ड एआरपीला (हा आयपी कुणाकडे आहे या विचारणेला) उत्तर देतं. म्हणजे समोरच्याची एआरपी नोंद बदलली की दोन्ही आयपी चालू! वा, काय रिडंडन्सी! पण खऱ्या आयुष्यात कुणी येऊन कमांड मारत नाही हो, केबल सैल होते, स्विचचा पोर्ट जातो, उंदीर कुरतडतो. किंवा दुसरी शक्यता, त्याने केबल उपटली पण दुसऱ्या कार्डाची. तरीही सगळं चालतं, कारण उत्तरं तशीही पहिल्यातूनच जात होती. छापा पडला म्हणून नाण्याला दोन्ही बाजूंनी छापाच आहे असं सांगण्यातला प्रकार.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सेट करणारे प्रोग्रॅम) असेल तर कॅरिअर गेल्यावर ते स्वतःच त्या कार्डाचं कॉन्फिगरेशन काढून घेतात, मग निदान दुसरा आयपी तरी चालू राहतो. (भावाकडे जुनी इंटरफेसेस फाइल होती, तिथे असलं काही होत नाही. दुसरा गेटवेसुद्धा "फाइल एक्झिस्ट्स" म्हणून एरर देऊन पडलेला होता, ते कुणी वाचलंच नाही.) पण चालू राहतो तो दुसरा आयपी. तुमच्या डीएनएसमध्ये, अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये, लोकांच्या मशीनवर लिहिलेला असतो पहिला, आणि तो कार्डाबरोबर गेला. चालू असलेली प्रत्येक टीसीपी कनेक्शन त्याच्याबरोबर गेली. क्लायंटला काय स्वप्न पडणार आहे दुसरा आयपी वापर म्हणून? त्यात आरपी-फिल्टर (उत्तर ज्या कार्डातून जाईल त्याच कार्डावर पॅकेट आलं का ते तपासणारी सेटिंग) कडक मोडला असेल तर दुसऱ्या कार्डावर आलेलं पॅकेट कर्नल स्वतःच टाकून देतो, केबल दोन्ही धडधाकट असताना.

बाँडिंग याचसाठी आहे की आयपी कार्डावर नसतो, बाँडवर असतो. खालचं कार्ड बदललं तरी वर आयपी तोच, आणि अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमध्ये (मोड १, एक कार्ड चालू, दुसरं राखीव) सहसा मॅकही (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) तोच, आणि कार्ड बदलल्या बदल्या ड्रायव्हर ग्रॅच्युइटस एआरपी (कुणी न विचारता केलेली घोषणा) सोडतो म्हणजे स्विचला नवीन पोर्ट लगेच कळतो.

मोड ० आणि स्पीड डबल. कर्नलबरोबर बाँडिंगचं जे डॉक्युमेंट येतं ते एकदा, निदान एकदा, वाचा. त्यात स्वच्छ लिहिलंय की हा एकच मोड असा आहे की ज्यात एकच टीसीपी कनेक्शन एकापेक्षा जास्त कार्डांचा वेग वापरू शकते. म्हणजे फॉरवर्डवाल्याचं इथे अर्धं बरोबर आहे, घ्या. पुढचं अर्धं त्याच परिच्छेदात आहे, की पॅकेटं आळीपाळीने दोन वाटांनी गेली की पलीकडे क्रम बिघडून पोचतात, टीसीपीला वाटतं काहीतरी हरवलं, आणि ते पुन्हा पाठवत बसतं. त्यामुळे डबल सहसा होत नाही, कधी कधी तर एका कार्डापेक्षाही कमी होतं. बरं, मोड न लिहिता बाँड बनवलात तर डिफॉल्टला हाच मोड ० मिळतो, त्यामुळे कित्येकांकडे तो नकळत चालू असतो आणि मग "नेटवर्क मधूनच स्लो होतं" अशा तक्रारी.

मोड ४, म्हणजे एलएसीपीवाला (स्विचशी बोलून केबलींचा गट करणारा), तिथेही लोकांची हीच समजूत आहे. एक कनेक्शन एकाच केबलवर राहते, क्रम बिघडू नये म्हणून स्टँडर्डच तसं आहे. १ गिगाबिटच्या दोन केबल असतील तर आयपर्फ३ (वेग मोजायचं टूल) एका स्ट्रीमला साधारण ९४० मेगाबिटच दाखवणार, कितीही वेळा चालवा. खूप क्लायंट असतील तर एकूण मिळून फायदा होतो, तोही हॅश पॉलिसीवर (कुठलं कनेक्शन कुठल्या केबलवर हे ठरवणाऱ्या नियमावर) अवलंबून, कारण डिफॉल्ट लेयर२, म्हणजे मॅकवरून ठरणारी, आहे आणि सगळी ट्रॅफिक एकाच गेटवेतून येत असेल तर मॅक एकच, म्हणजे हॅश एकच, म्हणजे केबल एकच. दुसरी नुसती टांगलेली.

"मॉनिटरिंगची गरज नाही, कर्नलला कळतं." नाही कळत. त्याच डॉक्युमेंटमध्ये म्हटलंय की एमआयआयमॉन (केबलची लिंक दर किती वेळाने तपासायची) किंवा एआरपी मॉनिटर (एआरपी पाठवून समोरून उत्तर येतं का बघणारा), दोन्हींपैकी एक दिलंच पाहिजे, नाहीतर लिंक गेल्यावर नेटवर्कची वाट लागेल (शब्द माझे, अर्थ त्यांचा). एमआयआयमॉन ० असेल तर केबल निघालेली बाँडला कळतच नाही. मोड ४, ५, ६ मध्ये ड्रायव्हर स्वतःच १०० करून घेतो, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमध्ये मात्र त्या भरवशावर राहू नका, शंभर लिहायला काय जातंय? मिलिसेकंद आहेत ते. आणि हेही लक्षात घ्या की एमआयआयमॉन फक्त आपल्या केबलपुरतं बघतं. स्विच चालू आहे पण स्विचची पुढची लिंक गेलीये, तर बाँड आनंदात "अप" दाखवणार. ते पकडायचं तर एआरपी मॉनिटर, टार्गेट म्हणून गेटवेचा आयपी, आणि मग एमआयआयमॉन नाही, दोन्ही एकत्र चालवायचे नसतात.

स्विचला हात लावायची गरज नाही हे मोड १, ५ आणि ६ साठी खरं आहे. ०, २ आणि ४ साठी नाही. मोड ० स्विचवर ग्रुप न करता लावला की एकच मॅक दोन पोर्टांवर उड्या मारतो आणि स्विचचा लॉग भरून जातो. मोड ४ लावला आणि समोर एलएसीपी नसेल तर प्रॉकमधली (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधली) बाँडची फाइल उघडा, पार्टनर मॅकच्या जागी सगळी शून्यं दिसतील. म्हणजे समोर बोलायला कुणी नाही, चाललंय ते एका केबलवर.

राहिलं "रिमोटली, पाच मिनिटांत". ज्या कार्डावरून एसएसएचने आत आलात त्याचाच आयपी काढून बाँडवर टाकायचाय, एक स्पेस चुकली की तुम्ही बाहेर. नेटप्लॅन ट्राय (सेटिंग तात्पुरती लावून बघायची कमांड) आहे ना, १२० सेकंदांत परत येतं, असं कुणीतरी म्हणणारच. तर नेटप्लॅन स्वतःच सांगतं की बाँडचे कस्टम पॅरामीटर त्याला मागे फिरवता येत नाहीत. कन्सोल समोर असल्याशिवाय करू नका.

भावाला शेवटी अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप करून दिला, एमआयआयमॉन १००, एक आयपी, एक गेटवे. एक केबल बोर्डावरच्या पोर्टला, दुसरी वेगळ्या कार्डाला, कारण ड्युअल पोर्टचं एकच कार्ड गेलं तर दोन्ही पोर्ट जातात. मग त्याला म्हटलं, आता दुसऱ्या मशीनवरून पिंग चालू ठेव आणि पहिली केबल हाताने ओढ. एक पिंग चुकला. केबल परत लाव, लाइट आली का बघ, आता दुसरी ओढ. प्रॉकच्या फाइलमध्ये दोन्ही कार्डांपुढे लिंक फेल्युअर काउंट १ दिसला तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. लगेच विचारतो, "ताई, मग स्पीड?" म्हटलं, झोप आता.

सध्या दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये आहेत. दुसरा स्विच मागवलाय, तो येऊन लागेपर्यंत ऑफिसात कुणाला हे रिडंडंट आहे म्हणून सांगू नकोस असं बजावून ठेवलंय.