तुटलेली नस ऑक्सिजन आणि करंटने जुळत नाही

अमळनेर-पारोळ्याकडच्या गावागावांत बऱ्या झालेल्या एका माणसाच्या व्हिडिओसह एक मेसेज फिरतोय: ‘ऑक्सिजन घ्या, सोबत करंट घ्या, तुटलेली नस महिन्यात जुळते, ऑपरेशन नको.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे, करंटचं मशीन रोज माझ्या हाताखाली असतं. म्हणून लिहितोय. नस म्हणजे इथे मज्जातंतू (नर्व्ह), रक्तवाहिनी नव्हे.

आधी ऑक्सिजन. ज्याचा अभ्यास झालाय तो बंद चेंबरमधला, हवेच्या साधारण दोन-अडीचपट दाबाखाली दिलेला शुद्ध ऑक्सिजन. हातपाय चेंगरून रक्तपुरवठा अडला तर तो पूरक उपचार म्हणून देतात. कोरोनात घेतलेल्या कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनची, नळी नाकाला लावणं ही वेगळीच गोष्ट. धडधाकट माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. आणि चेंबरचा असो की नळीचा, विळ्याने तुटून मागे सरकलेली दोन टोकं ऑक्सिजन जवळ आणत नाही. ती शिवावीच लागतात.

‘करंटने बोट हललं, म्हणजे नस चालू झाली.’ हे ऐकलं की जीव तुटतो. लांब पल्सचा, म्हणजे प्रत्येक झटका जास्त वेळ टिकणारा, करंट दिला की नस तुटलेली असली तरी स्नायू थेट आखडतो. मशीन बंद, बोटही बंद. स्नायू फार सुकू नये म्हणून आम्ही करंट देतो, तेवढंच त्याचं काम. बधिर कातडीवर तो जास्त झाला तर भाजतं आणि पेशंटला कळतही नाही. दोन्ही उपचार एकत्र केले की शिवायची गरज संपते, हेही कुठे सिद्ध झालेलं नाही.

मग व्हिडिओतला माणूस बरा कसा झाला? बहुधा त्याची नस तुटली नव्हती, दबली होती. ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले. त्यांतला सगळ्यात सौम्य प्रकार काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपोआप सुधारतो. श्रेय मशीनला मिळतं.

राहिला ‘महिना’. शिवल्यानंतरही नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. कोपराशी तुटली तर पंज्यातल्या स्नायूंपर्यंत २५-३० सेंटीमीटर, म्हणजे आठ-दहा महिने. इकडे नसेविना पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा जातो. मेसेजच्या नादात सहा महिने घालवले तर उरतं काय? कपाशी वेचणीच्या दिवसांत एक बाबा आले, “मना हात कवय चाली, भाऊ?” (माझा हात कधी चालेल?) जखम सात महिन्यांची, वरची कातडी तेवढी शिवलेली. मला त्यांच्याकडे बघवेना.

विळा, पत्रा, काच लागून बोटं बधिर झाली किंवा वळेनाशी झाली, तर त्याच आठवड्यात हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा, ‘नस तुटलीय का’ असं स्पष्ट विचारा. शिवून झालं की या. करंट, पट्टी, व्यायाम, पुढचं सगळं मी बघतो.